माझ्या पदवीची गलाई

पलूस, रविवार

तीर्थरूप नानासोमामांस,

राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या घरच्या बैठकीतून तुम्ही ज्या वेगाने साताऱ्याच्या एसटीकडे निघालात, त्यावरून बरा असावा. मामींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. (निदान आठवडाभर चहा तुम्ही करा.) फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

व्यापार आणि कायदा एकत्र शिकवणारी पदव्युत्तर पदवी मी घ्यावी की नाही, यावर तुम्ही गेल्यावरही सगळे बोलले. (जिला शिकायचंय ती आत चहा गाळत होती.) शेवटी निकाल कुणाकडे सोपवला? विट्याच्या माझ्या चुलतभावाकडे, दिग्विजयदादाकडे! तो कोईमतूरला सोन्याची गलाई करतो, म्हणजे जुने दागिने वितळवून चोख सोनं वेगळं काढतो. म्हणून त्याला जगातल्या सगळ्याची पारख आहे, असं आबांचं मत. दादा म्हणाला, "आवं काका, मिसळ केली की भाव उतरतो बगा. येक तर वकील करा, न्हाईतर म्यानेजर. आन् लग्नाच्या बायोडाटात ह्ये लिवायचं कसं?" आबांनी मान डोलावली. मी ट्रे खाली ठेवून विचारलं, "दादा, वैनीच्या मंगळसूत्रात तांबं घातलंयस का न्हाई? चोख सोनं वाकतंय म्हणून घातलंयस न्हवं?" त्यावर आबा म्हणाले, "लय बोलाय लागलीस."

लागले खरी! माझ्या वक्तृत्वाच्या ढाली शोकेसमध्ये मांडणारे हेच आबा. मुलींच्या शिक्षणावर मी बोलले तेव्हा पहिल्या रांगेत सगळ्यांत आधी टाळी यांचीच. म्हणजे मुलीने व्यासपीठावरून मागावं, घरात मागू नये?

गेल्या हंगामात द्राक्षांच्या कंपनीने करारातलं एक कलम दाखवून आपला माल नाकारला. वकील म्हणाले, हा धंद्याचा प्रश्न. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, हा कायद्याचा. आबा दिवसभर रिकाम्या क्रेटवर बसून होते आणि समोर घड सुकत होते. त्या दोघांच्या मधल्या जागेत उभं राहणारं कुणी नव्हतं. मला तिथं उभं राहायचंय, एवढंच.

आणि तुम्ही! अठ्ठावीस वर्षं सरहद्दीवर उभे राहिलात. भाचीसाठी पाच मिनिटं तुमच्याने तोंड उघडवलं नाही. "दाजी म्हणतील तसं" म्हणत चपला शोधायला लागलात. राग आलाय, तो लपवत नाही.

मामींना सांभाळा.

तुमची,
राजेश्वरी

ता.क. प्रवेश साताऱ्यातच मिळालाय. वसतिगृहाच्या अर्जावर साताऱ्यात राहणाऱ्या पालकाची सही लागते, शुक्रवारपर्यंत. अर्ज सोबत आहे. आबांशी मी भांडेन, तुम्ही फक्त सही करा.

ता.क. २. हे आईने तुम्हाला सांगितलंय, तिच्याच शब्दांत लिहिते: "दादा, वडलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तू म्होरं केलंस, तवा मी कायबी न वाचता सही केली. त्यात काय लिवलंय, ह्ये आजवर इचारलं न्हाई. आता तू पोरीचा कागुद वाचत बसू नगंस."