राखाडी कोटाची बाही

ता. ४ मार्च

प्रिय अक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आधी खुर्चीत नीट बस आणि मग पुढे वाच. गेल्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतला. हो, मीच. जन्मभर मागच्या बाकावर डुलक्या काढणारा तुझा भाऊ एकाहत्तराव्या वर्षी छातीभर पाण्यात उभा राहिला. पाळकांनी मला पाण्याखाली घेऊन वर काढलं, तेव्हा आतल्या सगळ्या खिडक्या कुणी एकदम उघडाव्यात तसं झालं. नाकात पाणी गेलं तरी मी हसत होतो. हिने विचारलं, सर्दी झाली म्हणजे? मी म्हणालो, होऊ दे. यावरून माझी अवस्था ओळख.

पण सोमवारी दुकानात काजं करणाऱ्या बाईंनी शर्टाची काजं उलट्या बाजूला केली आणि मी पहिल्यासारखाच ओरडलो. तेव्हापासून जिवाला घोर आहे. पवित्र आत्मा आला असता तर मी ओरडलो असतो का? की तो आला आणि माझी जीभ ऐकून परत गेला? मापांच्या वहीत मागच्या पानावर मी रोज किती वेळा चिडलो ते मांडतो. पान भरत आलं.

आणखी एक. सकाळी प्रार्थनेला डोळे मिटले की आपला धाकटा भाऊ दिसतो. गळ्यात टेप, दुकानाच्या दारात उभा. तो दुकान सोडून का गेला हे तुला मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. मी चौथी शिकलेला माणूस. याचा अर्थ तूच कळव.

तुझी माया आहे म्हणून तग धरून असलेला,
तुझा भाऊ

ता. ११ मार्च

चि. काळजीखोरास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी घरभर फिरले. गुडघे दुखतात हेसुद्धा विसरले. या बातमीसाठी मी किती वर्षं प्रार्थना केली ते सांगत नाही, तू वहीत मांडून ठेवशील.

आता ऐक. मी अडतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. जन्मल्या जन्मल्या चालू लागलेलं बाळ मी पाहिलं नाही, आणि चालत नाही म्हणून एकही परत पाठवलं नाही. आम्ही दोनच गोष्टी बघायचो. रडतं का, आणि भूक लागते का. पूर्वी तू ओरडायचास आणि पोटभर जेवायचास. आता ओरडलास की तुझ्या जिवाला घोर लागतो. अरे, हेच ते रडणं. ती वही फाड. रोज दुकान उघडण्याआधी, आज तू मला चालव, एवढंच म्हण आणि शटर वर कर.

धाकट्याचं मी काय सांगू? जो आत्मा तुला तो दाखवतो आहे, त्यालाच विचार. मला वाटतं, तुला उत्तर माहीत आहे.

लोभ आहेच, तो उतू जाईल इतका वाढव.
तुझी अक्का

ता. २० मार्च

प्रिय धाकट्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत.

तो राखाडी कोट. गिऱ्हाइकाने दिलेलं कापड नेमकं तेवढंच होतं आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. एक बाही आखली की मापाचा कागद उलटून दुसरी आखायची, हे वडिलांनी आपल्याला सगळ्यात आधी शिकवलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, धाकट्याने कापला. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, कात्री टेबलावर ठेवलीस आणि गेलास. कोट मी कापला होता.

परवा एकजण विजार आखूड झाली म्हणून तणतणत आला. माझी नेहमीची कारणं तोंडाशी तयार होती, आणि तोंडातून आलं, चूक माझी. काजवाल्या बाईंच्या हातातली सुई खाली पडली. हे बळ माझं नव्हे, एवढं मला कळतं. तेच बळ धरून मी हिला आणि दुकानात सगळ्यांना खरं सांगितलं. आता तुला सांगतो. क्षमा कर म्हणायचाही मला हक्क नाही, तरी क्षमा मागतो.

उत्तराची वाट पाहणारा, न आलं तरी पाहणारा,
तुझा दादा

ता. २७ मार्च

प्रिय दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

रेघ संपताना तू खडू झटकतोस, तिला शेपूट येतं. त्या दोन्ही बाह्यांवर शेपट्या होत्या. मला त्याच दिवशी कळलं होतं. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आधी रागाने वाट पाहिली, मग प्रार्थनेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. जाताना त्यातली एक बाही मी पिशवीत घातली होती, कधीतरी तुझ्या तोंडावर फेकायला. ती घेऊन येतो.

भेटीला उतावीळ,
तुझा धाकटा

ता. ३१ मार्च

प्रिय अक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तो आला. बाही टेबलावर ठेवून म्हणाला, दादा, कापड नीट बघ. मी चष्मा लावून पाहिलं. दोन्ही बाजूंनी सारखंच होतं. म्हणजे एक बाही नुसती उलटून लावली असती तरी उजवी झाली असती. गाडीत बसल्यावर त्याला हे सुचलं होतं. मी पुरता घाबरलो होतो, मला एकोणीस वर्षांत सुचलं नाही.

आम्ही इतके हसलो की काजवाल्या बाई पाणी घेऊन धावल्या. हसता हसता मी रडायला लागलो, आणि रडणं आवरेना. आवरलं तेव्हा मी हिला म्हणालो, वाढ, भूक लागली आहे.

दोन्ही गोष्टी झाल्या, अक्का. लगेच कळवतो आहे.

वही फाडून लोभ जपणारा,
तुझा भाऊ