मंगळवारी प्रवेश विनामूल्य

१० जानेवारी १९८८, रविवार
गावाहून सासरे आले, प्रेमाचे अण्णा. तीस वर्षं कापड मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवले. आता काचबिंदू, डॉक्टरांनी हात टेकलेत. नजर आहे तोवर फोर्टच्या म्युझियममधला जुना शेला बघायचाय म्हणाले. तिकीट माणशी दोन रुपये. मंगळवारी फुकट. आपल्याच वारशाचे आपण पैसे द्यायचे? तत्त्व म्हणजे तत्त्व. मंगळवारीच नेणार.

१२ जानेवारी, मंगळवार
हेडक्लार्कने रजा नाकारली. अण्णा सकाळी सातपासून कोट घालून बसले होते म्हणे. सांगायचं राहिलं.

१९ जानेवारी, मंगळवार
हाफ डे टाकला. अर्धी मुंबई फुकटात आलेली. काचेपुढे माणसांच्या पाठी. अण्णांना चक्कर. लिंबू सोडा, टॅक्सी. तो औषधपाण्याचा खर्च, तिकिटाशी संबंध नाही. प्रेमा मुलुंडपर्यंत मीटरचे आकडे मोठ्याने वाचत होती. बायकांना तत्त्व कळत नाही.

२५ जानेवारी, सोमवार
उद्या मंगळवार आणि ऑफिसला सुट्टीसुद्धा. हे कुणाला सुचलं नसतं.

२६ जानेवारी
गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, आज सव्वीस जानेवारी. मला काय माहीत नाही? अण्णा म्हणाले, जावईबापू, ऱ्हवांदे, गेट तरी बरा आसा. फार लागलं. पुढच्या मंगळवारी नक्की.

२९ जानेवारी, शुक्रवार
दुपारी ऑफिसात प्रेमाचा फोन. म्हणे अण्णांना घेऊन म्युझियमपाशी आलेय, अण्णांनी तीन तिकिटं काढलीत, ये, पाच मिनिटांवर तर आहेस. मी म्हटलं, मंगळवार चार दिवसांवर आलाय. तिने फोन ठेवला. उद्धटपणा.

३१ जानेवारी, रविवार
अण्णा एसटीने गावी गेले. शेल्याबद्दल मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार
लंच टाइममध्ये दोन रुपये भरले. कुणाला सांगितलं नाही. दालनात चिटपाखरू नव्हतं. दहा मिनिटं शेल्यासमोर उभा राहिलो. जुनं कापड, कडेला बुट्टे. यात काय बघायचं ते कळेना.

तिथला शिपाई आपणहून जवळ आला. म्हणाला, शुक्रवारी यायला हवं होतं साहेब. एक म्हातारबाबा आले होते. डोळ्यांनी अधू, नाक काचेला लावून तासभर एकेक धागा समजावून सांगत होते. माणसं गोळा झाली, मी स्टूल आणून दिलं. मध्येमध्ये दाराकडे बघायचे. म्हणाले, जावई येवचो आसा.

मी म्हटलं, असं का.