मुहूर्तावर टाकलेला अर्ज आणि आईचा डबा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२० फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप सुहासिनीमावशीस,

सुनेत्राचा इथूनच, गुडघे कुरकुरेपर्यंत वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन छान झाल्याचं आईने सांगितलं. थेंब वेळेवर घालतेस ना? आणि बरं वाटतंय म्हणून लगेच फोडणीच्या धुरात उभी राहू नकोस. फोनवरचे मेसेज अजून आईच तुला वाचून दाखवते, म्हणून हे पत्र कागदावर आणि मुद्दाम ठळक अक्षरांत लिहिते आहे. यातलं अवाक्षरही आईच्या कानावर जाता कामा नये. (ती शेजारीच बसली असेल तर आधी तिला दूध आणायला पाठव.) बाकी आम्ही मजेत. गिरीश मजेत. वेद आठ वर्षांचा झाला, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतो, तोही मजेत. मी तर इतकी मजेत आहे की ९ जानेवारीपासून घरीच आहे.

दचकू नकोस. माझी नोकरी गेलेली नाही, नोकरी करायची परवानगी गेली आहे. गिरीश इथे त्याच्या व्हिसावर आणि मी त्याची बायको म्हणून. बायकोने काम करायचं तर सरकारचं वेगळं कार्ड लागतं आणि ते दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. पूर्वी मुदतीच्या आत अर्ज टाकला, की नवं कार्ड येईपर्यंत जुन्यावरच बरेच महिने काम चालू ठेवता यायचं. ही सवलत गेल्या ३० ऑक्टोबरपासूनच्या अर्जांना बंद झाली. आमचा अर्ज गेला ३ नोव्हेंबरला. चार दिवस, मावशी! चार दिवसांत माणसाचं साधं पडसं बरं होत नाही.

आता तो अर्ज एवढा उशिरा का गेला, हे तू विचारू नयेस हे बरं, पण सांगते. वकिलांनी कागद सप्टेंबरात तयार करून दिले होते. तेव्हा पितृपंधरवडा चालू होता, आणि तू फोनवर म्हणालीस, आत्ता नको गं, दसऱ्याला टाका. दसऱ्याला गिरीशने लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि माझा अर्ज अशी एकत्र पूजा मांडली. त्याने लॅपटॉपला चिमूटभर कुंकू वाहिलं आणि अर्जाला मात्र भक्तिभावाने मूठभर. वर निरांजन कलंडलं. सहीच्या जागी तेलकट लाल डाग पडला. वकील म्हणाले, हा कागद पाठवला तर सरकारला वाटेल तुम्ही रक्ताने सही केलीय. नवे कागद येऊन सह्या होईस्तोवर दिवाळी आली. पुन्हा तुला फोन. तू पंचांग बघून म्हणालीस, एवढं थांबलात तर आता तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे. झालं. तुळशीबाईंचं लग्न थाटात लागलं, दुसऱ्या दिवशी अर्ज पोस्टात पडला, आणि जानेवारीत जुन्या कार्डाची मुदत संपली तशी मी घरी.

तशी बॉस चांगली आहे. तिने ३१ मार्चपर्यंत माझी जागा धरून ठेवली आहे, पुढे तिचा नाइलाज. औषधाची गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून बघायचं, एवढंच माझं काम. पण सात वर्षं घरी बसून मिळवलेलं ते काम आहे आणि मला ते फार आवडतं. सध्या घड्याळ लावून साबुदाणा किती वेळात भिजतो ते बघते. (चार तास दहा मिनिटं. नोंद ठेवायला कोणी सांगितलेलं नाही, तरी ठेवली.) वेदने परवा विचारलं, ‘मॉम, आर यू रिटायर्ड?’ मी त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

खरा गोंधळ पुढेच आहे. परवानगीशिवाय कसलंही काम करायचं नाही, मोबदला पैशांत मिळो की वस्तूंत, असं वकिलांच्या पत्रात होतं. ते वाचल्यापासून गिरीश ताकसुद्धा फुंकून पितोय. संक्रांतीला मी आपल्या गूळपोळ्या केल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या पद्मिनीकाकूंना पाठवल्या. काकू मूळच्या नागपूरच्या, चाळीस वर्षं इथे डॉक्टरकी करून आता निवृत्त. पोळ्या नेमक्या कशातून गेल्या? तर आईने मला नोकरी लागली तेव्हा पाठवलेल्या स्टीलच्या डब्यातून, ज्यावर तिने ‘चि. सुनेत्रास, कामावर नेण्यासाठी, आईकडून’ असं कोरून घेतलंय. आता तूच सांग, कोणी रिकामा डबा परत करतं का? काकूंनी त्यात संत्राबर्फी भरून पाठवली. गिरीशने झाकण उघडलं, वरची कोरलेली अक्षरं वाचली, आतली बर्फी बघितली, आणि मट्कन खालीच बसला. म्हणे, हा मोबदला झाला! श्रमाच्या बदल्यात वस्तू! आणि वर डब्यावरच ‘कामावर नेण्यासाठी’ असा पुरावा!

मी म्हटलं, अरे शहाण्या, मग बर्फी परत करू का? तर वेदने तोवर चार वड्या खाल्ल्या होत्या. आणि मलाही डबा रिकामा पाठववेना, म्हणून मी चिवडा भरून धाडला. काकूंनी अळूवड्या पाठवल्या. मी शेंगदाण्याची चटणी पाठवली. त्यांनी शंकरपाळे. दोन घरांत एवढी देवाणघेवाण सुरू झाली की गिरीशची झोप उडाली. शेवटी त्याने एक कागद टाइप केला: सदर बर्फी, अळूवड्या व शंकरपाळे हे केवळ मायेपोटी दिलेले असून कोणत्याही सेवेच्या बदल्यात नाहीत. तो कागद घेऊन स्वतः काकूंकडे गेला. काकूंनी जन्मभर फॉर्मांवर सह्या केलेल्या. त्यांनी न वाचता सही ठोकली, खाली रक्तदाब लिहायचा का म्हणून विचारलं, आणि तो कागद घडी घालून डब्यात, बेसनाच्या लाडवांवर ठेवून परत पाठवला. डबा पुन्हा भरलेलाच! मी पोट धरधरून हसले. गिरीशने तो तुपकट कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पासपोर्टांपाशी ठेवला आहे. चिडावं तरी कसं? बिचारा माझ्यासाठीच घाबरतो.

असं सगळं हसतखेळत चाललंय, फक्त आईशी रोज खोटं बोलावं लागतं. मी रोज सकाळी आठला लॅबच्या पार्किंगमधून तिला व्हिडिओ कॉल करायचे. तिकडे तुमची संध्याकाळ. आता मी घरच्याच गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसते, गळ्यात बिल्ल्याऐवजी लायब्ररीचं कार्ड लटकवते, आणि काम फार आहे गं म्हणून सुस्कारा सोडते. खाली पायांत चपला. ती रोज विचारते, डब्यात काय नेलंस? आणि डबा असतो काकूंकडे. मावशी, मला नोकरी लागली तेव्हा तिने अख्ख्या मिरजेत पेढे वाटले होते. तिला कसं सांगू की मी पुन्हा घरी बसलेय? माझ्याच्याने होत नाही.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
सुनेत्रा
(आधी नोकरदार, तूर्त गृहिणी, ३१ मार्चच्या आत पुन्हा नोकरदार. तथास्तु म्हण.)

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. आईला तू सांग. मुहूर्त तूच काढून दिला होतास, तेव्हा निस्तरायचंही तूच. हळूच सांग, रात्री नको, आणि आधी तिला काहीतरी गोड खायला घाल. मात्र सांगायला चांगला दिवस बघत बसू नकोस!

ता. क. २ : (पाकीट चिकटवून झालं, म्हणून हे बाहेरच्या बाजूला लिहिते.) आत्ताच आईशी बोलणं झालं. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. म्हणाली, तुझ्या त्या पार्किंगमध्ये रोज वेदची सायकल कशी गं टांगलेली दिसते? मी रडले. ती म्हणाली, सात वर्षं वाट बघताना मी कंटाळले नाही, तर आता दोन महिन्यांत कंटाळेन होय? मग मी विचारलं, माहीत होतं तर बोलली का नाहीस? तर म्हणे, सुहासिनीच्या कानावर गेलं असतं. तिनेच दिवस काढून दिला होता, आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उगीच रडत बसेल. तिला काही म्हणजे काही कळवू नकोस.

म्हणून आई, हे पाकीट आधी तुझ्या हाती पडलं तर मावशीला देऊ नकोस. सुनेत्राने मोठ्या अक्षरांत नमस्कार लिहिलाय, एवढंच तिला वाचून दाखव.