ओट्यावरची रेंज

आई, चार दिवसांपूर्वी एका परक्या घराच्या ओट्यासमोर उभी राहून मी मोठ्याने बोलले. वर्गात पहिली येऊनही बक्षीस घ्यायला व्यासपीठावर जाताना जी मान वर करत नसे, ती मी. उद्या सकाळी त्या घरातल्या बाळाचे वजन होणार आहे आणि माझे कशातच लक्ष लागत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तू गेलीस त्याला अकरा वर्षे झाली. मी काय काम करते हे तुला ठाऊक नाही. पालघरच्या एका लहान कार्यालयात बसून मी बाळंतिणींशी फोनच्या पडद्यावर बोलते. त्यांनी काय खावे, बाळाला कसे जवळ घ्यावे हे सांगते, बाळ पिताना पाहते आणि तक्त्यात नोंद करते. हे काम मला उत्तरपत्रिकेसारखे सोपे वाटले होते. समोर माणूस असतो, पण त्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

सातपाटीच्या त्या घरातली मुलगी पहिलटकरीण. नवरा बोटीवर आणि त्याचा फोनही त्याच्याबरोबर समुद्रात, म्हणून आमची भेट सासऱ्यांच्या फोनवर. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "रेंज फक्त ओट्यावर हाय बाय. आत गेलो की तुमी गायब." फोन त्यांनीच धरला होता. मागे दोघे जण जाळे शिवत बसले होते. ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि बाळ पदराआड होते. मी विचारले, "बाळ नीट पितंय ना?" उत्तर सासूने दिले, "पितंय तर! दूध यावं म्हणून मुशीचं कालवण रोज करतो तिला. आमच्या घरात दुधाला काय कमी नाय." पुरुषांनी जरा बाजूला व्हावे, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. तक्त्यातल्या 'बाळ पिताना पाहिले' या रकान्यात मी बरोबरची खूण केली. पुढच्या आठवड्यातही केली. मग अंगणवाडीतून कळले, की दोन आठवड्यांत बाळाचे वजन जागचे हललेले नाही.

तेव्हापासून मला एकच दुपार आठवते आहे. मी नववीत आहे. शेजारची बाळंतीण रडते आहे आणि मासळीच्या टोपलीतली मुशी तिच्यासाठी बाजूला काढून तू तिच्या ओट्यावर चढतेस. तिथे पत्त्यांचा डाव रंगला आहे. कमरेवर हात ठेवून तू म्हणतेस, "उठा रं सगले! पोरीला पोर पाजायचंय, तुमची तोंडं बघत पाजील काय?" कोणीतरी म्हणतो, "मावशी, डाव तरी संपू दे." "डाव घेऊन बंदरावर जा. नायतर तूच पाज!" ओटा रिकामा होतो. मी पुस्तक छातीशी धरून दाराआड उभी आहे आणि मला तुझ्या आवाजाची लाज वाटते आहे. परतताना मी म्हणाले, "आई, जरा हळू बोलत जा ना." तू थांबलीस. "हलू बोलून मासली इकत नाय, आन् बाईला जागा पन मिलत नाय," एवढेच म्हणालीस आणि पुढे चालू लागलीस.

गुरुवारी मी शेअर रिक्षाने सातपाटीला गेले. ओट्यावर तेच तिघे होते. "काका, तुम्ही जरा बंदराकडे जाऊन येता का?" मी म्हणाले. कोणी हलले नाही. बहुधा कोणाला ऐकूच गेले नसावे. दुसऱ्यांदा बोलले तो आवाज तुझा होता. "उठा! तिला बाळाला पाजायचंय." सासरे जाळे गुंडाळत पुटपुटले, "फोनवर तर गरीब गाय होती."

पदर बाजूला झाल्यावर जे दिसले, ते पहिल्याच दिवशी पडद्यावरही दिसले असते. बाळ नुसते टोक तोंडात धरून चोखत होते. तिच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या आणि ती दात आवळून बसली होती. बाळाचे पोट मी तिच्या पोटाशी टेकवले आणि त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायला सांगितले. तिसऱ्या खेपेला गिळल्याचा आवाज आला. ती हळूच म्हणाली, "ताई, दुखतंय म्हणून सांगायचं होतं. पन फोन मामंजींच्या हातात होता." बाळाला आजच दवाखान्यात दाखवा, असे सासूला बजावून मी निघाले. त्यांनी दाखवलेही. तिथेही उद्याच्या वजनाचीच वाट पाहत आहेत.

काटा पुढे सरकेल की नाही, मला ठाऊक नाही. मी स्वतः जाऊन आले याचे आमच्या कार्यालयातल्या मॅडमनी कौतुक केले. त्या दोन खुणा मात्र तक्त्यात अजून तशाच आहेत आणि त्यांच्याबद्दल मी काही बोललेले नाही. हे पत्र वहीतच राहील. खरे सांगायचे तर, उद्या मॅडमसमोर म्हणायचे वाक्य आधी तुझ्यासमोर म्हणून पाहावे, एवढ्यासाठीच ते लिहायला घेतले: मी न पाहताच 'पाहिले' अशी नोंद केली.

आणि आई, इथेसुद्धा मी ते हळूच म्हटले आहे.