ज्योत्स्नाचा घास

३ नोव्हेंबर, हिंगणी
आज संगणक केंद्रावर शिक्षक म्हणून रुजू झालो. खिडकीतून बोर अभयारण्याच्या जंगलाची कड दिसते. याहून प्रसन्न वर्गखोली मी पाहिलेली नाही. केंद्र झाडणाऱ्या धुरपताबाईंनी चहा देत विचारले, जेवण कुठं करून राह्यले सर? मग उत्तराची वाट न पाहता डबा देण्याचे स्वतःच ठरवून टाकले.

५ नोव्हेंबर
एक रंजक दोष सापडला. पायथन भाषेत पॅकेज म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले, आपल्याला आयते वापरता येणारे साहित्य. ते इंटरनेटवरून उतरवले की कुठे ठेवायचे हे एका पत्त्यावरून ठरते. त्याला पाथ म्हणतात. इथे प्रत्येक पॅकेज ‘ज्योत्स्ना’ नावाच्या फोल्डरात जाते, आणि मुलांच्या खात्यांना ते सापडत नाही. टपाल खरे, घर चुकलेले. ज्योत्स्ना माझ्याआधीची शिक्षिका, धुरपताबाईंची मुलगी. उन्हाळ्यात तापाने गेली.

६ नोव्हेंबर
धुरपताबाईंना दुरुस्ती सविस्तर समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, घरात नवं धान्य आलं की पहिला घास गेलेल्या माणसाचा. तो ठेवल्याशिवाय आम्ही जेवत नाही. ज्योचा घास इथंच पडते सर, तिले उपाशी नोका ठेवू. फोल्डराला भूक नसते, असे मी समजावले. त्या हसल्या. तुमी भल्ले शिकले सर, एवढेच म्हणाल्या.

७ नोव्हेंबर
पाथ सुधारून माझ्या नावाच्या, सर्वांना खुल्या फोल्डरावर आणला, जुने फोल्डर काढून टाकले. मुलांचे प्रोग्रॅम चालले, वर्गात आनंदीआनंद. धुरपताबाई संगणकाच्या पडद्याकडे पाहत उभ्या होत्या. झाडू भिंतीला टेकवून निघून गेल्या.

१० नोव्हेंबर
नवे पॅकेज यशस्वीरीत्या उतरले, असे संगणक सांगतो. माझ्या फोल्डरात काही नाही. काढून टाकलेले फोल्डर परत आले आहे; सारे तिथेच आहे. पाथ पुन्हा तपासला. तो बरोबर आहे.
डबा शेवटच्या कणापर्यंत संपवला. भूक मात्र तशीच.

१२ नोव्हेंबर
आईचा फोन आला. मला पलीकडून एक शब्दही ऐकू आला नाही. नंतर तिचा संदेश: बोलून बरं वाटलं रे, पण आवाज इतका नाजूक का, पोरीसारखा?
पाणी पितो. घशापर्यंत पोचत नाही —

१४ नोव्हेंबर
पाथ पूर्वीसारखा केला. पत्त्यात ज्योत्स्नाचे नाव पहिले ठेवले. उपयोग नाही. धुरपताबाईंसमोर हात जोडले. त्या रडत होत्या. म्हणाल्या, मी एकच घास मागतला सर, तुमी तोही काढून घेतला. आता ज्यो सगळंच घेऊन राह्यली.
माझ्या नावाचे फोल्डर संगणकात उरलेले नाही.

१५ नोव्हेंबर
डबा उघडलेला. वास नाही. धुरपताबाई माझ्या खुर्चीकडे — माझ्याकडे नव्हे — पाहतात, गालावरून हात फिरवतात. स्पर्श मला लागत नाही. म्हणाल्या, किती वाळली वं ज्यो, जेव.
किती आनंद आहे त्या चेहऱ्यावर. सांगवत नाही की मी अजून —
शाई उमटते आहे, पण शब्द या पानावर थांबत नाहीत, ते तिच्याक