डावा खिसा

ल्युबेर्त्सी,
१४ मार्च १९७८

प्रिय कापाताई,

तुझे गुडघे आता बरे असतील. तू पाठवलेली आंबवलेली कोबी पोचली. पोरांनी दोन दिवसांत बरणी चाटूनपुसून साफ केली. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुझ्या गावी निघालेल्या नीनाच्या हाती देते. वाचून चुलीत टाक.

नऊ दिवसांपूर्वी वर गेलेल्या ग्लेब अर्सेन्येविचचे यानात घालायचे कपडे मीच शिवले. माणूस मोठा लाघवी. म्हणायचा, "वर वस्तू ठेवली तिथे राहत नाही, फाया. खिसे दे, भरपूर दे." शेवटच्या मापाला डाव्या खिशाचा कोपरा उसवलेला निघाला. कपडे लगेच सीलबंद व्हायचे होते. डॉक्टर म्हणाले, अंगावरच टाका घाला.

मी ग्लेबला दोरा दातांत धरायला सांगितलं. अंगावर शिवताना तसं केलं नाही तर माणसाची आठवणच शिवून बंद होते, तो सगळं विसरतो, हे आईनेच आपल्याला शिकवलंय. डॉक्टर खेकसले, "अहो बाई, हा अंतराळात चाललाय आणि तुम्ही त्याला दोरे चघळायला लावता?" मग मी तशीच शिवायला बसले. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

तू म्हणशील, वेडी, दोऱ्याला घाबरते. दोऱ्याचं नाही गं ताई. सुई मोडली. टोक जवाच्या दाण्याएवढं, कुठे गेलं ते दिसलंच नाही. मी दोन्ही हातांनी जमीन चाचपली, तोवर डॉक्टर त्याला घेऊन गेलेसुद्धा. संध्याकाळी सुया परत देताना, तू निवृत्त होताना दिलेल्या पाकिटातली अख्खी सुई मी जमा केली. मुकादमीण लीदियाने मोजलीसुद्धा नाही. "कापाची बहीण तू," म्हणाली आणि डबा बंद केला.

इथे टोक पडलं तर खाली पडतं. तिथे ते त्याच्या तोंडासमोर तरंगत राहील. डोळ्यात जाईल, श्वासाबरोबर आत जाईल. रोज रेडिओवर त्याचा आवाज लावतात. काल तो बोलता बोलता खोकला आणि माझ्या हातून ताटली पडली.

टोक सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं तू वीस वर्षं सगळ्यांना बजावलंस. मी उठले.

नोकरी जाईल. कदाचित अटकही होईल. तसं झालं तर पोरांना तू घेऊन जा. नीना दारात उभी आहे. मी कोट चढवलाय, मोडकी सुई रुमालात बांधली आहे. आधी लीदियाकडे जाते. डाव्या खिशात हात घालू नकोस, एवढं आजच्या आज कुणीतरी त्याला कळवायला हवं. फक्त उशीर झालेला नसू दे.

अजून तो तुकडा शोधणारी,
तुझी फाया