सहावा खांदेकरी

मी, ऑरेस्ट हावरिलियाक, वय एक्याऐंशी, निवृत्त विज्ञानशिक्षक, कायमचा राहणार झोरिया, प्रांत सस्कॅचेवान, कॅनडा, आणि दर वर्षी नोव्हेंबर ते एप्रिल मुक्काम सान तेल्मो, मेक्सिको, ट्रेलर क्रमांक चौदा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात किंचित थरथरतो आणि पुढील मजकूर मी कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने लिहिलेला नाही. बुद्धीचा पुरावा कोणास हवा असल्यास आज सकाळी मी माझ्या गावचा लॉर्न बोयचुक याला पत्त्यांत दोनदा हरवले, आणि तो लबाडी करीत असताना हरवले. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी लेसिया हिने करावी. ती सस्काटूनला परिचारिका आहे आणि डॉक्टरांची अक्षरे वाचण्याची सवय असल्यामुळे तिला माझेही अक्षर लागते.

कलम २. झोरियातील घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक लेसियाची. मात्र एक सूचना अगत्याने पाळावी. घर हिवाळ्यात बंद ठेवायचे असेल तर ऑक्टोबर संपण्यापूर्वी तळघरातील नळ उघडून सर्व पाणी काढून टाकावे. बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात; पाणी मात्र गोठताना फुगते, जवळजवळ अकराव्या हिश्श्याने, आणि लोखंडी नळीसुद्धा चिरते. ही किती विलक्षण गोष्ट आहे! चौतीस वर्षे मी सातवीच्या वर्गात पाण्याने भरलेली बाटली बाहेर बर्फात ठेवून ती फुटण्याची वाट पाहिली, आणि दर वर्षी मलाच सर्वांत जास्त आनंद झाला.

कलम ३. ट्रेलर, म्हणजे माझे इथले चाकांवरचे घर, त्यासमोरील छत आणि शेगडी दोन्या चायो या बाईंना द्यावी. ज्या जागेवर आम्ही कॅनडाची मंडळी ट्रेलर लावतो ती त्यांची आहे. लॉर्नचा त्या शेगडीवर नऊ हिवाळे डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळाले तर ते रद्द ठरू शकते, असा कायदा आहे. लॉर्नला मी साक्षीदार का केले, याचे एक कारण हे. दुसरे कारण पाचव्या कलमात आहे.

कलम ४. माझी दुर्बीण आणि देवमाशांचे चौदा तक्ते सान तेल्मोच्या शाळेला द्यावेत. कुबड असलेले देवमासे उत्तरेच्या थंड पाण्यातून हजारो मैल पोहत इथल्या उबदार उपसागरात येतात. इथे ते पिलांना जन्म देतात आणि सबंध हिवाळा जवळजवळ काहीच खात नाहीत; उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगतात. दर बुधवारी सकाळी दोन्या चायोंच्या मांडवात मी यावर व्याख्यान देत असे. "आपल्यासारखेच की हे! फक्त आपण खातो," असे कोणीतरी म्हणे आणि सगळे हसत. मला ते हसू फार प्रिय होते. किती प्रिय होते, ते आता सांगतो.

कलम ५. या कलमाने मी कोणाला काही देत नाही. येथे फक्त कबुली आहे.

माझी पत्नी मर्ना सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत इथेच, सान तेल्मोत, हृदय बंद पडून गेली. माझा थोरला भाऊ नेस्टर झोरियात गुरे पाळत असे. तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता आणि तोवर विमानात बसला नव्हता. मी त्याला ये म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तीन विमाने बदलून आला, पायांत बर्फात घालायचे गुडघ्यापर्यंतचे बूट. वाळूत उभा राहून म्हणाला, "पैसे देऊन घाम गाळायला येता होय रे तुम्ही?" मग मला मिठी मारून रडला. चार दिवस तो ट्रेलरच्या जमिनीवर झोपला. परतताना मर्नाच्या अस्थींची पेटी त्याने मांडीवर घेतली. विमानतळावरच्या पहारेकऱ्याने विचारले, आत काय आहे? "माझी भावजय," नेस्टर म्हणाला. "उघडायची असेल तर आधी टोपी काढ." पहारेकऱ्याने टोपी काढली. पेटी उघडली नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पर्लचा, म्हणजे नेस्टरच्या पत्नीचा, फोन आला.

"ऑरेस्ट, नेस्टर गेला रे. गुरांना चारा घालायला गेला तो तिथेच पडला. बुधवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे."

मी काय केले? मी समजावून सांगितले. जानेवारीत आमच्याकडे जमीन माणसाच्या उंचीइतकी खोल गोठलेली असते. टेकडीवरच्या आमच्या दफनभूमीपर्यंत रस्ताही मोकळा करीत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात गेलेल्याची शवपेटी थंड खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात, माती मोकळी झाली की पुरतात. हे सर्व मी तिला सांगितले. जन्मभर त्या गावात राहिलेल्या बाईला सांगितले.

"म्हणजे येत नाहीस?" तिने विचारले.

"पुरणं मेमध्येच होणार ना, पर्ल. तेव्हा मी असेनच. शिवाय विमानात जागाच नाहीये गं."

जागा होत्या. तीन. मी स्वतः पाहिल्या होत्या. मात्र त्या बुधवारी नव्या तक्त्यांसह व्याख्यान ठरले होते, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट माणसे येणार होती, आणि उणे अडतीस अंशांत उतरण्याची मला हिंमत नव्हती. चर्चमध्ये माझ्या भावासाठी प्रार्थना चालू होती त्याच तासाला मी मांडवात देवमाशाच्या परासारखा हात उंचावून दाखवीत होतो. लोक हसले. मे महिन्यात मी गेलो, फावडे हाती घेतले, माती लोटली, आणि हिशेब चुकता झाला असे मानून परत आलो.

हे कलम वाचून लॉर्नने नापसंती दाखवली.

"अरे, हे मृत्युपत्र आहे की पाळकापुढची कबुली? खोडून टाक. त्या दिवशी आम्हीही होतोच की पहिल्या रांगेत, मी, मर्व्ह आणि हॅरी. आम्ही कुठे काय लिहून ठेवलंय?"

"म्हणूनच तुझी सही घेतोय," मी म्हणालो.

कलम ६. काल शनिवारी मी पर्लला फोन करून खरे सांगितले. तिचे शब्द माझ्या आठवणीप्रमाणे जसेच्या तसे देतो. लेसियाला पुढील कलमासाठी ते माहीत असायला हवेत.

"मला माहीत होतं," पर्ल म्हणाली.

"काय?"

"तू भाषण ठोकत होतास ते. लॉर्नच्या डॉटने त्याच दिवशी फोटो टाकला होता. तुझा हात वर, मागे देवमासा. समोर लॉर्न, मर्व्ह आणि हॅरी. तू धरून आपल्या गावचे चौघे. मोजले मी. मला एकच कमी पडत होता, ऑरेस्ट."

"कशाला?"

"पेटीला सहा कड्या असतात. जानेवारीत झोरियात कोण असतं? ज्याला जमतं तो तुमच्याकडे वाळूत. कशीबशी पाच माणसं जमली. सहावी कडी मी धरली. चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ होता, आणि माझा खुबा तुला माहीतच आहे."

मी म्हणालो, "मेमध्ये मी फावडं..."

"मेमध्ये जमीन मऊ असते. मेमध्ये कोणीही खणतं."

मी विचारले, आता येऊ का? लगेच निघतो.

"आता कशाला? आता काय उचलायचं राहिलंय?"

मग तिने तिकडे उणे एकतीस असल्याचे सांगितले, मांजरीबद्दल काहीतरी सांगितले, आणि फोन ठेवला. दोन वर्षे ती माझ्याशी सणासुदीला बोलत होती, मी पाठवलेल्या नाताळच्या डब्याचे आभार मानत होती, आणि तिला सर्व माहीत होते.

कलम ७. टेकडीवरच्या दफनभूमीत नेस्टरने चार जागा शेजारी शेजारी घेऊन ठेवल्या होत्या. एकीत मर्ना आहे, एकीत तो. त्या जागा आता कायद्याने पर्लच्या आहेत. मर्नाशेजारची जागा माझी समजूनच मी इतकी वर्षे वावरलो. कालपासून तसे समजत नाही. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही, स्वतःलाही नाही. म्हणून माझ्यामागे लेसियाने पर्ल काकूंना ती जागा मिळेल का, असे एकदाच विचारावे. त्या हो म्हणाल्या आणि महिना हिवाळ्याचा असला, तर माझी पेटी नेस्टरची थांबली तशी मेपर्यंत थांबू द्यावी; कडी धरायला मात्र पर्लला बोलावू नये. त्या नाही म्हणाल्या तर "बरं, काकू" म्हणावे आणि मला रस्त्याकडेच्या नव्या दफनभूमीत कुठेही ठेवावे. माझे वय, माझा पश्चात्ताप, मर्नाला काय आवडले असते, यांपैकी काहीही त्यांना समजावून सांगू नये.

कलम ८. जिवंत माणसाच्या वागण्यावर मृत्युपत्राचा अंमल चालत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहितो. ट्रेलरची किल्ली मी आज सकाळीच दोन्या चायोंना दिली. "माएस्त्रो, जानेवारीत कोण परत जातं? वेड लागलं का?" असे त्यांनी विचारले; माएस्त्रो म्हणजे मास्तर. येत्या बुधवारी माझे विमान आहे, आणि यापुढचा प्रत्येक हिवाळा मी झोरियात काढीन. आमच्या चर्चच्या पाळकांना मी कळवले आहे की नोव्हेंबर ते एप्रिल या काळात गावात कोणाचेही निधन झाल्यास खांदेकऱ्यांत माझे नाव धरावे. लॉर्न म्हणाला, "एक्याऐंशीचा खांदेकरी! दुसऱ्याच पायरीवर तुलाच उचलावं लागेल." तसे होऊ शकते. पर्लला हे मी कळवलेले नाही. कोणी कळवूही नये.

वरील आठ कलमे मी स्वतःच्या हाताने लिहिली, मोठ्याने वाचून दाखवली आणि दोघा साक्षीदारांसमक्ष खाली सही केली. दोघेही त्या बुधवारी मांडवात हजर होते.

स्थळ: सान तेल्मो, मेक्सिको
दिनांक: १४ जानेवारी २०२४, रविवार

(सही) ऑरेस्ट हावरिलियाक

साक्षीदार:

१. (सही) डॉट बोयचुक, झोरिया. तो फोटो मीच काढला होता.

२. (सही) लॉर्न बोयचुक, झोरिया. सही करण्यापूर्वी याने बराच वेळ पेन हातात धरून ठेवले आणि बुधवारच्या विमानात आणखी एक जागा आहे का, असे विचारले. आहे, असे मी, ऑरेस्टने, सांगितले.